वेल्हाळ अक्षरं

नवऱ्याला दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा वेलांटीबाईंना सगळ्यात आधी दिसली ती त्यांची स्वतःचीच अक्षरं. दारावर, भिंतीवर, लिफ्टच्या बाजूला, जिन्याच्या वळणावर, जिकडे बघावं तिकडे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी धापा टाकत वर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू माझ्या आधीच येऊन पोचलीस की."

बाईंना हसू आलं नाही. त्या आदल्या दिवसापासून जाग्या होत्या.

वेलांटीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या बोरूने लग्नपत्रिका लिहायच्या, त्या काळात छापखानेवाल्यांनी ते पाडलं होतं. त्यांच्या वेलांट्या इतक्या लांब आणि लाडिक असत, की पत्रिका बघून लोक आधी विचारत, "हे लिहिलं कुणी?" आणि मग, "मुलगी कुणाची?" पुढे अक्षरांचे साचे संगणकावर विकणारी एक कंपनी आली. तिच्या माणसाने बाईंकडून सगळी मुळाक्षरं, सगळी जोडाक्षरं, आकडे आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात घालायच्या वेलबुट्ट्यासुद्धा काढून घेतल्या. ते काम दोन वर्षं पुरलं. एकट्या 'श्व'ने महिना खाल्ला. त्या साच्याला नाव दिलं 'वेल्हाळ'.

आणि खरोखरच वेल्हाळ होती ती अक्षरं. शिरोरेघ डावीकडे जरा उंच सुरू व्हायची, मधे बारीक व्हायची, आणि शब्द संपला तरी थोडी पुढे जाऊन वळायची, निरोप घेऊनही दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी. पहिली वेलांटी पुढच्या अक्षराच्याही डोक्यावरून जायची. दुसरी मागच्या दोघांवर छत्री धरायची. उकार खालच्या ओळीत उतरून यायचे. मात्रा केसासारख्या बारीक, आणि 'न' आणि 'म' यांच्या पोटाशी एकाच घाटाची गाठ.

पत्रिकेसाठी केलेली ही अक्षरं पत्रिकेत थोडीच थांबणार होती! ती केकच्या खोक्यांवर गेली, अत्तराच्या बाटल्यांवर गेली, ब्यूटी पार्लरच्या काचेवर आणि श्रद्धांजलीच्या फलकांवर गेली. एकदा तर बाईंना ती मैला वाहून नेणाऱ्या टँकरवर दिसली. टँकरवर लिहिलं होतं, 'सुगंध सेवा'. मास्तर त्या दिवशी जेवताना हसून हसून ठसकले होते. सुरुवातीला बाई अशी प्रत्येक पाटी घरी येऊन सांगत. मग सांगेनाशा झाल्या. स्वतःचा आवाज दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा, तसं त्यांना व्हायचं. कौतुक नको, तक्रारही नको, नुसतं पुरे.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, पोहण्याचे मास्तर. तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला पाण्यात ढकललं आणि वर काढलं. आता त्यांच्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. "जन्मभर मी लोकांना पाण्यातून काढलं," ते डॉक्टरांना म्हणाले, "आता तुम्ही माझ्यातून पाणी काढा. फिट्टंफाट." डॉक्टर तरुण होत्या. त्यांना हसावं की नाही कळेना.

दिवसाआड सुईने पाणी काढायचं, मग फोटो, मग रक्त, मग पुन्हा वाट बघायची. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना फार वेळ थांबू देत नसत. म्हणून बाईंचं बूड बाहेरच्या लांबलचक ओसरीतल्या बाकावरच असे. बाकाच्या समोरच पाट्यांचा एक मोठा फलक होता, आणि त्याच्यासमोर येणारा प्रत्येक माणूस थबकायचा.

"ताई, हे काय लिहिलंय हो?"

"रक्ततपासणी. सरळ जा, मग डावीकडे."

"काकू, इथं क्ष-किरण कुठं?"

"तो गोल गोल दिसतोय ना, तोच 'क्ष'. जिन्याखाली."

पहिल्या दिवशी त्यांनी उत्साहाने सांगितलं. मग उत्साह गेला, सांगणं राहिलं. चौकशीची खिडकी होती, पण तिच्यावरची पाटीही वेल्हाळमध्येच होती, त्यामुळे तिथे फारसं कुणी जात नसे. वॉर्डातल्या सिस्टरनी एकदा बाईंना विचारलंसुद्धा, "काकू, तुम्ही इथे नोकरीला लागलात काय?"

एक म्हातारे गृहस्थ होते. डोळ्यांत थेंब घालून तपासायचं म्हणून आले होते. संध्याकाळी ते बाईंच्या शेजारी मटकन बसले आणि हताशपणे म्हणाले, "सकाळपासून नंबर लावून बसलो. माझा नंबर आला तर ते बाटली देऊन म्हणतात, जा, भरून आणा. म्हटलं, बाबांनो, डोळ्यातून बाटली भरायची म्हणजे किती रडू?"

ते मूत्ररोगाच्या दारात बसले होते. बाईंनी उठून दोन्ही पाट्या बघितल्या. नेत्ररोग आणि मूत्ररोग. वरची मात्रा बारीक, खालचा उकार बारीक, लांबून दोन्ही पुसले जायचे. राहायची ती एक गाठ आणि पुढे 'त्ररोग'. गाठ दोन्हीकडे सारखीच. तीच गाठ बाईंनी किती हौसेने घातली होती! पत्रिकेत ती शोभायचीच. पत्रिका कोण वाचतो? ती नुसती ओळखायची असते. त्यात पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. इथे येणाऱ्याला मात्र काहीच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी त्यांची नणंद डबा घेऊन यायची. ती शाळेत शिपाई होती आणि तिचा आवाज अख्ख्या शाळेला पुरायचा. तिला त्या पाट्या फार आवडल्या होत्या. "वहिनी, अगदी घरच्यासारखं वाटतं गं इथे," ती म्हणाली, आणि शेजारच्या पेशंटच्या बायकोला, ओळख ना पाळख, सांगून मोकळी झाली, "ही सगळी अक्षरं आमच्या वहिनीची बरं का!"

त्या बाईने वेलांटीबाईंकडे पाहिलं. "तुमची होय?" ती म्हणाली. "काल माझा सासरा दोन तास हरवला होता."

नणंदेने खाली मान घालून डबा उघडला. असं क्वचितच घडे.

पण बाईंना खरा धक्का बसला तो पुढच्या आठवड्यात. दुपारची वेळ होती, ओसरी जवळजवळ रिकामी. एक तरुण मुलगी आपल्या आईला चाकाच्या खुर्चीवरून ढकलत पळत आली. आईची मान छातीवर पडली होती आणि ओठ निळसर दिसत होते. फलकासमोर येऊन मुलगी थांबली. वर 'तातडीचे उपचार' लिहिलेलं होतं, आणि ते तिने वाचलंही. पण पुढे बाण नव्हता. बाणाच्या जागी एक वेल होती. बाईंनी पत्रिकेच्या कोपऱ्यासाठी काढलेली, दोन्ही टोकांना सारखी वळलेली वेल.

मुलीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि डावीकडे पळाली. डावीकडे चादरी धुण्याची खोली होती, आणि पुढे भिंत.

"अगं ए, पोरी! इकडे, इकडे!" बाई ओरडल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, तरी त्या पळाल्या. चादरींच्या ढिगाऱ्यापाशी त्यांनी खुर्ची गाठली, दोघींनी मिळून ती वळवली आणि उजवीकडच्या दारातून आत नेली. आतल्या लोकांनी म्हातारीला उचललं, पडदा ओढला. मुलगी पडद्याबाहेर उभी राहिली.

"मला वाचता येतं," ती बाईंना म्हणाली, जणू कुणी तिच्यावर आरोप केला होता. "मी शिकलेली आहे. मला वाचता येतं हो."

"येतं गं," बाई म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही."

म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम जाऊन बघितलं, तर ती नळ्या लावून पडली होती आणि मुलीला रागवत होती. पण बाईंच्या डोळ्यांपुढून ती वेल जाईना. त्या मुलीचं इकडे बघणं आणि तिकडे बघणं जाईना.

त्या अधीक्षकांना भेटायला गेल्या. अधीक्षक डॉक्टर होते, केस विस्कटलेले, टेबलावर निम्मा राहिलेला चहा, त्यावर साय. पाट्यांचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"आवडल्या ना? मीच निवडली ती अक्षरं. माझ्या मुलीच्या पत्रिकेत होती. आधीच्या पाट्या बघितल्या होत्या का तुम्ही? गंजलेल्या, काळ्या. इथे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो हो. म्हटलं, भिंती तरी त्याच्याशी प्रेमाने बोलू देत."

बाईंनी त्यांच्याशी भांडायचं ठरवलं होतं. आता भांडण कुठून काढावं, ते त्यांना सुचेना. या माणसाने अक्षरांमधलं जे ओळखलं होतं, तेच तर त्यांनी त्यात घातलं होतं.

"ती अक्षरं माझी आहेत," त्या म्हणाल्या.

अधीक्षक उठून उभेच राहिले. "तुमची? म्हणजे तुम्ही काढलेली? अहो, मग आम्हाला तुमचा सत्कार करायला हवा!"

"सत्कार नको. ती काढून टाका."

"काय?"

"लोकांना वाचता येत नाहीत. काल एक बाई तुमच्या धुण्याच्या खोलीत मरता मरता राहिली." त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, नेत्र आणि मूत्रसकट.

अधीक्षकांनी ऐकून घेतलं. मग खुर्चीत बसले, चहाकडे पाहिलं आणि तो तसाच बाजूला सारला. "मी समितीपुढे ठेवतो," ते म्हणाले. "पण समिती म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. ज्यांनी या पाट्या दान दिल्या, तेच समितीत आहेत. निदान पावसाळा तरी जाईल." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

बाई परत येऊन मास्तरांच्या पायाशी बसल्या. त्या दिवशी सिस्टरनी त्यांना हटकलं नाही.

"मग?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती आणि एका वाक्याला दोन श्वास लागत.

"समिती."

"मग आपणच लिहू. पुठ्ठ्यावर."

औषधाच्या दुकानातून सिस्टरनी रिकामी खोकी आणून दिली आणि एक जाड काळा मार्कर. बाईंनी खोकी कापली, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि 'तातडीचे उपचार' लिहिलं. बघतात तो 'डी'ची वेलांटी मागच्या 'त'वर जाऊन बसली होती. त्यांनी दुसरा पुठ्ठा घेतला. आता वेलांटी आखडली, पण शिरोरेघ शेवटी वळली. तिसऱ्यांदा त्यांनी दात ओठ खाऊन लिहिलं. ते सरळ झालं खरं, पण घाबरल्यासारखं, वाकडंतिकडं, आणि 'उ' तरीही खाली ओघळलाच.

"हात ऐकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "एवढंसं लिहायचंय, तेही जमत नाही मला."

"दे इकडे."

"तुम्ही? तुमचं अक्षर म्हणजे..."

"माहितीये. कोंबडीचे पाय."

लग्नानंतर बाई पहिल्यांदा तलावावर गेल्या होत्या, तेव्हा भिंतीवर मास्तरांनी रंगवलेली सूचना बघून त्यांनी तोंडाला पदर लावला होता. 'इथे पाणी खोल आहे.' एकेक अक्षर विटेएवढं, शिरोरेघ पट्टी लावल्यासारखी, काने म्हणजे नुसते खांब. त्यावरून त्यांनी नवऱ्याला जन्मभर चिडवलं. पण त्या भिंतीवरची सूचना तलावाच्या पलीकडच्या काठावरून, डोळ्यांत पाणी गेलेल्या पोरालाही वाचता यायची.

सिस्टरनी मास्तरांना उशा लावून बसवलं. बाईंनी पेन्सिलीने दोन रेघा आखून दिल्या आणि मास्तर लिहू लागले. एक अक्षर, मग श्वास. पुन्हा एक अक्षर.

"तातडी. कुठली वेलांटी, पहिली की दुसरी?"

"दुसरी."

"देतो. पण साधी. मुकुट घालणार नाही मी तिला."

"नका घालू. बोलू नका, दम लागतो."

"आणि बाण?"

"बाण म्हणजे बाण. टोक एकच."

"दुसऱ्या टोकाला काय करू?"

"काही करू नका हो!" बाई वैतागल्या, आणि मग दोघंही हसले. हसण्याने मास्तरांना एवढी ढास लागली, की सिस्टरनी मार्कर काढून घेतला आणि उरलेलं काम उद्यावर ढकललं.

असं चार-पाच दिवस चाललं. नेत्ररोग. मूत्ररोग. रक्ततपासणी. क्ष-किरण, ज्याला मास्तरांनी परस्पर 'एक्सरे' करून टाकलं. बाई शुद्धलेखन बघायच्या, मास्तर लिहायचे. कधी त्यांचा हात कापायचा, कधी दिवसभरात एकच पुठ्ठा व्हायचा. शेजारच्या खाटेवरचा पेशंट बसल्या बसल्या परीक्षा घ्यायचा, "मला चष्म्याशिवाय दिसतंय. पास!"

पाट्या लावायचं काम नणंदेने अंगावर घेतलं. ती स्टुलावर चढून चिकटपट्टी लावत होती, तेवढ्यात वॉचमन आला.

"ओ बाई, परवानगी आहे का?"

"परवानगी कुठल्या खोलीत मिळते, ते तुमच्या पाटीवर वाचता आलं असतं तर घेतली असती की!"

"काढा म्हणतो मी."

"तू काढ. हात तर लावून बघ. अरे, तुला तरी वाचता येतं का ते वरचं? वाच बघू मोठ्याने."

वॉचमनने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आम्हाला पाठ आहे," तो शेवटी पुटपुटला, आणि साहेबांना बोलवायला गेला.

अधीक्षक आले. त्यांनी सुंदर फलकाच्या पोटावर चिकटवलेला तो खोक्याचा तुकडा पाहिला. त्याच्या एका कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाचं अर्धं नाव अजून दिसत होतं.

"फार कुरूप आहे हो हे," ते कळवळून म्हणाले.

"आहेच," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक माणूस आला, पुठ्ठ्याकडे नजर टाकली आणि न थांबता उजवीकडे वळला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. अधीक्षकांनी दोघांनाही आत जाताना पाहिलं. मग वॉचमनला म्हणाले, "राहू दे. आणि ती चिकटपट्टी नीट लाव. लोंबते आहे."

त्या दिवसापासून बाईंना कुणी काही विचारेना. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. माणसं येत होती, मान वर करत होती, जात होती. बाईंना वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल, निदान हलकं वाटेल. पण हाक थांबल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपलं अंग किती दुखतंय, पाय किती सुजलेत, आणि आपण घरी जाऊन धड झोपलो त्याला किती दिवस झाले. त्या बाकावरच कलंडल्या. सिस्टरनी येऊन त्यांच्या अंगावर चादर टाकली, तेही त्यांना समजलं नाही.

मास्तर घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पाणी पुन्हा होऊ शकतं, दर महिन्याला दाखवायला या. घरातल्या घरात चालताना ते भिंतीला धरत. बाईंकडे पुन्हा पत्रिका येऊ लागल्या, आणि कंपनीचाही फोन आला. वेल्हाळची नवी आवृत्ती काढायची होती, जरा ठळक, जाहिरातींसाठी.

"ठळक नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी मला 'न' आणि 'म' वेगळे करायचेत. आणि वेलींमध्ये दोन बाण घालायचेत. साधे."

"पण बाई, गिऱ्हाइकांना फरक कळणारसुद्धा नाही."

"नाही कळला तर बरंच झालं."

ते काम त्यांनी रमतगमत केलं, रोज थोडं. 'म'ची गाठ सोडवली तेव्हा त्यांना वाईट वाटलं. ती गाठ खरंच देखणी होती.

समितीचं काम पावसाळ्यानंतरही लांबलं, पण झालं. पुढच्या एका फेरीला दोघं गेले, तर पुठ्ठे गेलेले आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या नव्या, पांढऱ्या पाट्या. अक्षरं कुठलीशी सरळ, जाड, तयार साच्यातली. दाराबाहेर दवाखान्याचं नाव आणि दानशूरांची यादी मात्र वेल्हाळमध्येच ठेवली होती.

"तिथे शोभतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटलं.

मास्तर नव्या पाटीखाली थांबले. काठीवर भार देऊन त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"माझा 'त' यापेक्षा बरा होता."

"होता."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच बरा होता," बाई म्हणाल्या. "चला, सरका पुढे. लोकांना दिसत नाही."

ते दोघं बाकावर जाऊन बसले. पुढे बरीच माणसं होती. मास्तरांनी डोळे मिटले आणि मान मागे भिंतीला टेकवली. बाईंनी त्यांची काठी आपल्या मांडीवर घेतली आणि नंबर पुकारतील त्याकडे कान लावून बसल्या.